निग्रोधमृगाचा करार : मृगयेची मर्यादा आणि बाहेरचा शिकारी

मराठी साहित्यातील शिकारचित्रणाची चर्चा बहुधा दोन सदरांखाली होत आलेली आहे : निसर्गलेखन आणि साहसकथा. पहिल्या सदरात शिकारी हा पुढे वनप्रेमी होणारा माणूस असतो, तर दुसऱ्यात तो निर्भय नायक असतो. या दोन्ही मांडण्यांत ज्या गावाच्या शिवारात शिकार घडते ते गाव मात्र मागे ढकलले जाते. हाकारे कोण होते, मांसाचा वाटा कोणाला मिळाला, मादी पडली तेव्हा गावाने काय म्हटले, पीक तुडवले गेले ते कोणाचे, हे प्रश्न समीक्षेने अभावानेच विचारले आहेत. वस्तुतः ग्रामीण समाजाचा शिकारीविषयीचा दृष्टिकोन या प्रश्नांमधूनच घडतो. सावज किती मारावे यापेक्षा ते कोणी मारावे, कोठे व कोणत्या वेळी मारावे, याविषयी गावाचे मत अधिक ठाम असते. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याविषयीचा राग किंवा लोभ याच मतातून निपजतो.

या विषयाच्या अभ्यासाला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची लेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मृगजातके चितारलेली आहेत. दक्षिणेस गोदावरीकाठी पैठण आहे. गाथासप्तशती, महानुभाव वाङ्मय आणि एकनाथांचे लेखन या तिन्ही प्रवाहांचा संबंध पैठणाशी पोचतो. पश्चिमेस कन्नडच्या डोंगररांगेत १९८६ साली घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. या तीन स्थळांच्या मधल्या काळ्या रानात रोही आणि काळवीट आजही पिकांत उतरतात. (प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट, चिंकारा आणि रोही म्हणजे नीलगाय हे सांबर-चितळांच्या कुळातले नव्हेत. त्यांची शिंगे दरवर्षी झडत नाहीत. पण लोकभाषेत आणि साहित्यात हा भेद पाळला जात नाही, म्हणून येथेही ‘मृग’ हा शब्द व्यापक अर्थानेच घेतला आहे.)

प्रथम शब्दांकडे पाहावे. मराठीत या कृतीला दोन नावे आहेत, पारध आणि शिकार. ‘पारध’ची परंपरा प्राकृतातील ‘पारद्धि’पर्यंत जाते आणि हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हे रूप संस्कृत ‘पापर्द्धि’पासून साधून दाखविले आहे. पापर्द्धि म्हणजे पापाची वृद्धी. शब्दाच्या पोटातच नैतिक निवाडा दडलेला असावा, असे उदाहरण भाषेत विरळ. ‘शिकार’ हा शब्द फारसीतून आला, तो दरबाराबरोबर, आणि त्याच्या मागे शिकारखाना, शिकारगाह असा सरंजामही आला. बोलीत या दोन शब्दांनी आपापली माणसे वाटून घेतलेली दिसतात. पारध करतो तो पारधी, आणि त्या शब्दाला जात चिकटलेली आहे. शिकार करतो तो शिकारी, आणि त्या शब्दाला प्रतिष्ठा. एकच हरीण दोघांनी मारले तरी पहिल्याची कृती पोटासाठीची ठरते आणि दुसऱ्याची शौकाची. गावाच्या दृष्टीने पहिला ओळखीचा, पण संशयित. दुसरा परका, पण मानाचा. हा उफराटा न्याय पुढे कायद्यातही उतरला.

करार

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगविलेल्या जातककथांमध्ये षड्दंत, महाकपी, शरभमृग, रुरू यांच्याबरोबर निग्रोधमृगजातक आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मातील करुणेची कथा म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो. परंतु पाली जातकात ही कथा ज्या तपशिलांनिशी येते ते तपशील पाहिले, तर तिचा विषय करुणेइतकाच प्रशासनाचा आहे असे म्हणावे लागते.

कथेचा आरंभ मृगांपासून होत नाही, तो प्रजेच्या तक्रारीपासून होतो. वाराणसीच्या राजाला रोज मांस लागते आणि शिकारीचा नाद असा की नगरातल्या व खेड्यापाड्यांतल्या सर्वांना तो कामधंदा सोडून आपल्याबरोबर रानात नेतो. शेती, व्यापार सारे खोळंबते. म्हणजे कथेतली पहिली पीडा हरणांची नसून हाकाऱ्यांची आहे. लोक यावर जो उपाय योजतात तोही शेतकऱ्याच्या बुद्धीचा आहे. राजाच्या उद्यानात गवत पेरायचे, पाण्याची सोय करायची, रानातले कळप हाकून आत आणायचे आणि दार लावून घ्यायचे. राजाला हवे ते मांस घराजवळ मिळावे आणि आपले दिवस आपल्याला परत मिळावेत, एवढाच हिशेब. हरणांचा विचार येथे कोणीच केलेला नाही आणि कथाकारानेही तो केल्याचे सोंग आणलेले नाही.

उद्यानातील दोन कळपांचे दोन नायक आहेत, निग्रोध आणि शाख. राजा त्या दोन सुवर्णमृगांना अभय देतो. बाकीचे त्याचे भक्ष्य. पण बाण सुटू लागले की कळप उधळतो, एकासाठी अनेक जखमी होतात, धडपडून मरतात. तेव्हा दोन्ही नायक मिळून ठरवितात की दररोज चिठ्ठीने एक मृग निवडावा. आज एका कळपातला, उद्या दुसऱ्या. ज्याची पाळी त्याने आपण होऊन वधस्तंभाशी जावे. दिवसाला एक हा आकडा राजाने घातलेला नाही. तो मारल्या जाणाऱ्यांनी, नासाडी टाळण्यासाठी, स्वतःवर घालून घेतला आहे. शिकारीच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या आधुनिक नियमांमागेही हाच तर्क असतो : अनिर्बंध पाठलागात मेलेल्यांपेक्षा जायबंदी झालेले अधिक असतात.

हा आकडा कोठे मोडतो ते कथेचे मर्म आहे. शाखाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी येते. आपले पाडस जन्मल्यावर आम्ही दोघे आपापल्या पाळीला येऊ, आज मला सोडा, अशी तिची विनवणी असते. शाख नियमावर बोट ठेवतो. तुझी पाळी दुसऱ्यावर कशी ढकलू, हे त्याचे उत्तर अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही. समान वाटपाच्या दृष्टीने ते बिनचूकच आहे. निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः जातो. संख्येची मर्यादा पाळूनही गर्भिणीचा वध होऊ शकतो, आणि म्हणून संख्येच्या वर आणखी एक मर्यादा असावी लागते, हे ही कथा इतक्या नेमकेपणाने सांगते की पुढच्या कोणत्याही ग्रंथात त्यात फारशी भर पडलेली आढळत नाही. राजा विस्मित होऊन प्रथम त्या दोघांना, मग उद्यानातील मृगांना आणि अखेर सर्व प्राण्यांना अभय देतो.

सामान्यतः कथा येथे संपते असे मानले जाते. पाली जातकात ती पुढे जाते आणि तो पुढचा भागच मराठवाड्याच्या आजच्या वाचकाला खरा भिडणारा आहे. अभय मिळालेले मृग शेतात शिरतात आणि पिके खाऊ लागतात. राजाने अभय दिले म्हणून लोक त्यांना मारू किंवा हाकलूही धजत नाहीत. ते राजाकडे जातात, राजा शब्द मागे घ्यायला तयार होत नाही. शेवटी निग्रोधच कळपाला बजावतो की दुसऱ्याचे पीक खायचे नाही, आणि माणसांना निरोप धाडतो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पाने बांधून खूण करा. त्या खुणेच्या आत मृग येणार नाहीत.

करुणेने प्रश्न सुटत नाही, तो शिवाराच्या बांधावर येऊन थांबतो, एवढे भान या कथेला आहे. पानाची खूण हा अर्थात कल्पनेचा तोडगा आहे. गव्हात उतरलेल्या कळपाने पाने पाहून माघारी फिरावे, अशी अपेक्षा कोणताही शेतकरी बाळगणार नाही. परंतु अभय देणाऱ्यानेच पिकाची जबाबदारीही घेतली पाहिजे, हे तत्त्व त्या तोडग्यात आहे.

आकड्याने मर्यादा घालण्याचे आणखी जुने उदाहरण अशोकाच्या पहिल्या गिरिलेखात मिळते. पूर्वी राजाच्या पाकशाळेत असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नित्य नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यात नोंदविले आहे. तेथे मर्यादा वरून खाली येते, जातकात ती खालून वर जाते.

वाटाड्या

सतराव्या लेण्यातील रुरुमृगाची कथा वेगळा प्रश्न मांडते. बुडणाऱ्या माणसाला सुवर्णमृग वाचवितो, आपला ठावठिकाणा कोणाला न सांगण्याचे वचन घेतो. आणि तोच माणूस राजाने लावलेल्या बक्षिसासाठी शिकारी राजाला रानात घेऊन येतो. बाहेरच्या शिकाऱ्याला रान कळत नाही. त्याला कोणीतरी आतला माणूस लागतो. कथेतला सारा तिरस्कार राजावर नसून या वाटाड्यावर आहे. राजा तर सत्य कळताच बाण त्या कृतघ्नाकडे वळवितो आणि मृगालाच त्याचा जीव वाचवावा लागतो. पाहुण्या शिकाऱ्याला क्षमा, पण त्याला वाट दाखविणाऱ्या गाववाल्याला नाही, हा ग्रामीण मनाचा निवाडा येथे स्पष्ट उमटला आहे.

या चित्रांच्या शोधाची हकिगत हीदेखील एका पाहुण्या शिकाऱ्याची आणि त्याच्या वाटाड्याची हकिगत असावी, हा योगायोग नजरेआड करण्याजोगा नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्याच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीवर आला असता त्याला लेण्यांची कमान दिसली. स्थानिक गुराखी पोराने ती दाखविली असे सांगितले जाते. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. त्याच दहाव्या लेण्यात षड्दंत आणि श्यामजातक ही दोन अतिप्राचीन चित्रे आहेत, आणि दोन्हीत धनुर्धारी आहे. श्यामजातकात तर मृगयेला आलेल्या राजाचा बाण पाणवठ्यावर पाणी भरणाऱ्या निरपराध तरुणाला लागतो. शिकाऱ्याचे नाव इतिहासाने जपले, पोराचे नाही.

स्मिथनंतर आलेला रॉबर्ट गिल हा चित्रकारही नामांकित शिकारी होता. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होता. त्याची पारू १८५६ मध्ये वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे. पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांनी ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकाव्यात गिल-पारूची प्रेमकथा अमर केली. त्यात गिल कलावंत आणि प्रियकर म्हणून उभा राहतो. बंदूक घेतलेला गिल कवितेच्या गाभ्यात येत नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. पण मराठी मनाने परक्या माणसाला आपला म्हणून स्वीकारताना त्याच्या हातातली बंदूक आधी खाली ठेवून घेतली, एवढे यावरून म्हणता येईल.

पैठणची परंपरा

गाथासप्तशतीत व्याध हे वारंवार येणारे पात्र आहे. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ मधील संपादनामुळे हा संग्रह मराठी अभ्यासकांना आपलासा झाला. त्यातील ग्रामजीवनावर पुष्कळ लिहिले गेले, व्याधगाथांकडे मात्र शृंगाराच्या अंगानेच पाहिले गेले. या गाथांतला व्याध नवपरिणीत पत्नीच्या सहवासाने क्षीण होतो, जड धनुष्य पेलवत नाही म्हणून ते तासून हलके करतो आणि त्याच्या ढलप्या दारात पडलेल्या दिसतात. एका गाथेत हस्तिदंत आणि व्याघ्रचर्म विकत घ्यायला व्यापारी दारी येतो. सून घरात वावरू लागल्यापासून आमच्या घरी हस्तिदंत कोठून असणार, असे उत्तर त्याला मिळते. आणखी एका गाथेत हरीण व हरिणी एकमेकांना आड घेऊन बाणासमोर उभी राहतात. ते पाहून व्याधाला आपल्या प्रियेची आठवण होते आणि धनुष्य हातातून गळते.

या गाथा चमत्कृतीसाठी रचल्या गेल्या हे खरेच. तरीही त्यांतून एक समाजस्थिती डोकावते. येथला व्याध गावाच्या कडेला राहणारा, बायको आणि घरदार असलेला, शेजाऱ्यांच्या थट्टेचा विषय झालेला माणूस आहे. तो परका नाही. परका आहे तो व्यापारी. शिकारीची मागणी बाहेरून येते आणि तिची मर्यादा घरातून घातली जाते; कधी थकव्याने, कधी आठवणीने. गाथेतला प्रवासी, तो प्रसिद्ध पथिक, शिकार करीत नाही; तो पाणी मागतो.

तेराव्या शतकातील लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या सशाची लीळा आहे. पारध्यांनी कुत्री सोडलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडतो. पारधी येतात, ससा मागतात. शरण आलेल्यास येथे मरण नाही, असे स्वामींचे म्हणणे. हा प्रसंग अहिंसेचा दाखला म्हणून पाठ्यपुस्तकांतून दिला जातो. पण म्हाइंभटांच्या नोंदीतील एक तपशील फार महत्त्वाचा आहे. हा होडेचा ससा आहे, याच्यावर पैज लागली आहे, तो सुटला तर आपसांत सुऱ्या निघतील, असे पारधी सांगतात. म्हणजे पारध्यांचाही काही हक्क आहे आणि तो त्यांच्या आपसांतल्या नियमांनी बांधलेला आहे. स्वामी तो हक्क खोटा म्हणत नाहीत. त्याच्यापुढे शरणागताचा हक्क ठेवतात, आणि बोलणे सुरू होते. पारध्यांना हाकलून दिले जात नाही, शापही दिला जात नाही. महानुभाव गद्याच्या स्वभावाला तो मानवलाही नसता. आश्रयस्थानापाशी शिकार थांबते, हा दंडक मात्र त्या संवादातून प्रस्थापित होतो. देवराई, तीर्थ, पाणवठा यांभोवती गावोगाव पाळल्या जाणाऱ्या निषेधांशी या दंडकाचे नाते उघड आहे.

एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये मृग आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून तो सापडतो. त्यापासून विषयगीते ऐकू नयेत, हा धडा. कपोत-कपोतीच्या आख्यानातही पारधी येतो, पाखरांचे कुटुंब जाळ्यात धरतो आणि कार्यभाग साधून घरी जातो. या दोन्ही ठिकाणी दोष सावजाच्या आसक्तीला दिला आहे, पारध्याचे वर्तन ऋतूसारखे गृहीत धरलेले आहे. अध्यात्माच्या सोयीसाठी हे योग्य असेल, पण मर्यादेचा विचार त्यामुळे मागे पडला. संतवाङ्मयाने मृगाला रूपक केले आणि रूपकाला वेदना नसते.

फासे आणि बंदूक

मर्यादेचा विचार ग्रंथांतून हरवला तरी व्यवहारात तो टिकून होता, आणि टिकविणारे होते फासेपारधी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या उपजीविकेचा अभ्यास करून १९८३ साली जी मांडणी केली ती साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावी अशी आहे. एकाच प्रदेशात फिरणाऱ्या तीन जमाती एकमेकींच्या सावजावर हात टाकीत नाहीत, असे त्यांना आढळले. फासेपारधी फाशांनी काळवीट आणि तित्तिर-लावे यांसारखे पक्षी धरीत. वैदूंचा भर मुंगूस-उदमांजरासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांवर व जलचरांवर. तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि घोरपड मारीत. याहून लक्षणीय बाब अशी की फासेपारध्यांच्या फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची रीत होती.

निग्रोधाने जी मर्यादा प्राण देऊन मिळविली तीच येथे जातीच्या रीतीत आढळते. फासा हे साधनच असे की त्यात प्राणी जिवंत हाती येतो. पाहून सोडता येतो. बंदुकीला ही सोय नाही. दोनशे पावलांवरून झाडलेली गोळी गर्भ पाहत नाही. दुसरी गोष्ट अशी की रीत पाळण्यात पारध्याचे हित होते. आज सोडलेले पाडस पुढच्या हंगामात त्याच्याच फाशात यायचे होते. परंतु हे हित तोवरच खरे, जोवर त्या रानात दुसरा कोणी येत नाही. जीप घेऊन रात्री दिव्याच्या झोतात हरणे मारणारा शहरी पाहुणा एकदा आला की सोडलेले पाडस कोणाच्या पदरी पडणार याची शाश्वती राहत नाही, आणि रीतीचा पायाच ढासळतो. स्वतःवर मर्यादा घालणाऱ्याने नेहमी दुसऱ्याच्या मर्यादेवर भरवसा ठेवलेला असतो.

राज्यकर्त्यांनी मात्र मर्यादा मोडणारा म्हणून पारध्यालाच ओळखले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविले त्यांत पुढे पारधीही आले. हा कायदा रद्द होऊन जमाती ‘विमुक्त’ झाल्या तो दिवस ३१ ऑगस्ट १९५२. त्याच राजवटीत औरंगाबाद, जालना, हिंगोली येथील लष्करी छावण्यांतले अधिकारी आसपासच्या शिवारांत हरणांच्या शिकारीला जात, आणि ती करमणूक सभ्य गृहस्थाची मानली जाई. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने ब्रिटिश मुलखात हरणे, सशांसह काही प्राण्यांसाठी बंदीचा काळ नेमण्याची तरतूद केली. स्वसंरक्षण आणि मालमत्तेचे रक्षण यांना त्यातून सूट होती. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला तो थेट लागू नव्हता. पण बंदीचा काळ, परवाना, परवान्याची फी ही भाषा हळूहळू सर्वत्र रूढ झाली. परवाना मिळतो तो बंदूक बाळगणाऱ्याला, अर्ज लिहिता येणाऱ्याला. फाशाला परवाना मागायला कचेरीत कोण जाणार?

मराठी साहित्यात विमुक्तांची आत्मकथने १९८० नंतर जोमाने आली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ (१९८७) यांनी पोलिसी छळ आणि गावाबाहेरचे जिणे मांडले. पारध्याच्या दृष्टीतून रान कसे दिसते, हरिणी सोडताना त्याच्या मनात काय येते, याचे चित्रण तुलनेने थोडे. रानाचे ज्ञान मराठीत आले ते बहुतेक मध्यस्थांकरवी. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) स्वतः शिकारीचा नाद असलेले लेखक. बंदुकीकडून निरीक्षणाकडे झालेला त्यांचा प्रवास ‘सत्तांतर’सारख्या वानरकथेपर्यंत येतो, आणि त्या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी. रानातल्या जुन्या शिकाऱ्यांकडून आणि आदिवासींकडून शब्द गोळा करणारे. दोघांच्याही लेखनात गावातल्या जाणत्या शिकाऱ्याविषयी आदर आहे. माडगूळकरांचा विशेष असा की ते माणदेशातलेच असल्याने पाहुणा शिकारी आणि गाववाला या दोन्ही भूमिका त्यांना आतून ठाऊक होत्या. त्यांच्या शिकारवर्णनांत विजयाचा सूर क्वचितच लागतो. साहसकथाकारांशी त्यांची तुलना करू नये असे वाटण्याचे हेच कारण.

निग्रोधानंतर

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले. चितळ, सांबर, नीलगाय यांच्यासाठी मात्र परवान्याची वाट काही काळ उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. अनेक शतके ‘किती’ या प्रश्नावर चाललेला वाद अशा रीतीने ‘एकही नाही’ या उत्तरावर आला. राजाने सर्व मृगांना अभय दिले, असे जातकाच्या भाषेत म्हणता येईल. आणि जातकाच्याच क्रमाने पुढे पिकांचा प्रश्न आला.

राजस्थानात बिष्णोई समाजाने पाहुण्या शिकाऱ्याविरुद्ध उभे राहण्याची जी परंपरा जपली आहे तिचे दर्शन १९९८ मधील कांकाणीच्या काळवीट प्रकरणात देशाला झाले. मुंबईहून चित्रीकरणासाठी आलेल्या नटाविरुद्ध गावकऱ्यांनी साक्ष दिली आणि जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिच्यावर अपील झाले. तेथे काळवीट हा धर्माचा विषय आहे. मराठवाड्यात तसे नाही. येथल्या शेतकऱ्याला हरणाविषयी माया असते आणि ज्वारी उगवून आल्यावर त्याच हरणाविषयी संतापही असतो, आणि या दोहोंत त्याला विसंगती वाटत नाही. नक्षत्रांतही त्याने दोघांना शेजारी बसविले आहे. मृग नक्षत्रावर पेरणीचा मुहूर्त आणि मृगाच्या मागे बाण रोखून व्याध.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व रोही यांना मारण्याच्या परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. बिहारात केंद्राच्या अधिसूचनेनंतर २०१६ साली मोकामा भागात शेकडो नीलगायी मारल्या गेल्या. त्यासाठी नेमबाज हैदराबादहून बोलाविले होते, आणि त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली तीही हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्याच्या गोळीने. त्या वेळी शहरांतून निषेध झाला आणि ज्या गावांनी माणसे गमावली होती त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वाघिणीचे प्रकरण हरणांहून निराळे आहे. पण गावाच्या नजरेतला बदल दोन्हीकडे सारखा आहे. जो पाहुणा शिकारी पूर्वी पीक तुडवीत येई आणि हाकाऱ्यांची वेठ घेई, त्याचीच आता पीक वाचविण्यासाठी वाट पाहिली जाते. गावात फाशाची विद्या उरली नाही, बंदुकीचा परवाना थोड्यांकडे, आणि ज्याला रान ठाऊक होते तो पारधी अजूनही पोलिसपाटलाच्या वहीत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने परिशिष्टांची संख्या कमी करून त्यांची फेरमांडणी केली. काळवीट पहिल्यात राहिले, नीलगाय दुसऱ्यात. म्हणजे कन्नड किंवा वैजापूरच्या एकाच तुरीच्या शेतात रात्री दोन्ही प्राणी उतरले, तर शेतकऱ्याने अर्ज करावयाचा तो त्यांपैकी एकाविरुद्धच. दुसऱ्यासाठी पंचनामा आणि भरपाईची प्रतीक्षा. अंधारात पावलांचे ठसे पाहून कोणते कोणाचे हे सांगू शकणारा माणूस वनखात्याला कोठे सापडेल, याची माहिती गाडगीळ-मल्होत्रांच्या १९८३ च्या लेखात आहे.